अक्षरावरची रेघ

गणपतीचे दहा दिवस आपल्या घरोघरी अथर्वशीर्षाची आवर्तने होतात. त्यात 'गं' या बीजाक्षराची फोड सांगितली आहे : आधी गकार, मग अकार, शेवटी अनुस्वार. डोक्यावरच्या टिंबालाही तिथे स्वतंत्र स्थान आहे. हे आठवायला मात्र निमित्त झाली फ्रेंच भाषा!

माझी भाची कॉलेजात फ्रेंच शिकते. संगणकावर गृहपाठ टाइप करता करता तिने विचारले, "मामा, या 'ई' अक्षरावर तिरपी रेघ कशी द्यायची? कीबोर्डवर तर दिसत नाही." कचेरीत टायपिंग हेच माझे काम, त्यामुळे उत्तर ठाऊक होते. विंडोजच्या संगणकावर ऑल्टचे बटण दाबून धरायचे आणि उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर ०२३३ दाबायचे. मोठ्या लिपीतल्या अक्षरासाठी ०२०१. रेघ उमटली, पण ती मुळात आली कुठून, हा प्रश्न मनात राहिला. वाचनात आलेली ही त्याची हकिकत.

फ्रेंचांनी लिपी घेतली लॅटिनची. लॅटिनमध्ये स्वरांची अक्षरे मोजकी आणि फ्रेंच बोलण्यात स्वर पुष्कळ. छपाई आल्यावर ही अडचण जास्त जाणवू लागली. पॅरिसचे मुद्रक जॉफ्रवा तोरी यांनी १५२९ साली 'शाँ फ्लरी' या ग्रंथात अशा चिन्हांचा पुरस्कार केला. १५३९ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने न्यायालयीन कागदपत्रे लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहावीत, असा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी एतिएन दोले या मुद्रकाने या चिन्हांच्या वापरावर पुस्तिका छापली. भाषा राजदरबारी आली, तशी तिच्या लिखाणाला शिस्त लागत गेली.

यातले 'सिरकाँफ्लेक्स' हे छपराच्या आकाराचे चिन्ह फार बोलके आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'हॉस्पिटल' आणि 'फॉरेस्ट' या शब्दांत 'स' होता. इंग्रजीने हे शब्द त्या 'स'सकट उचलले. फ्रेंच उच्चारातून मात्र तो गळाला. फ्रेंच अकादमीने १७४० च्या शब्दकोशात असे अनेक मुके 'स' काढले आणि आधीच्या स्वरावर हे छप्पर ठेवले. आज फ्रेंच माणूस 'ओपिताल' आणि 'फोरे' म्हणतो. गेलेल्या अक्षराची आठवण म्हणून ते चिन्ह शब्दावर उभे आहे.

पुढे टाइपरायटर आला. फ्रेंचांनी त्यासाठी 'अझर्टी' ही मांडणी स्वीकारली. नेहमीच्या चिन्हांकित अक्षरांना आकड्यांच्या रांगेत जागा दिली आणि आकड्यांसाठी शिफ्ट दाबायची पद्धत ठेवली. छपराच्या चिन्हासाठी वेगळी युक्ती होती. ते बटण दाबले की चिन्ह उमटे, पण कागद पुढे सरकत नसे. मग अक्षर दाबले की ते बरोबर चिन्हाखाली बसे. मोठ्या लिपीतल्या रेघवाल्या अक्षरांना मात्र बटण मिळाले नाही. त्यामुळे मोठ्या अक्षरांवर चिन्ह देत नाहीत, असाच अनेकांचा समज झाला. वास्तविक 'त्यु' म्हणजे 'मारतो' आणि शेवटी रेघ दिली की 'त्युए' म्हणजे 'मारला गेला'. मोठ्या अक्षरांच्या मथळ्यात रेघ गळाली, तर मारणारा कोण आणि मेलेला कोण, हेच उलटते!

संगणकानेही सुरुवातीला अन्यायच केला. १९६३ च्या अमेरिकन आस्की संकेतात एकूण १२८ जागा, त्यात रेघवाल्या अक्षरांना थारा नव्हता. १९८७ च्या आंतरराष्ट्रीय संकेतात ती आली, पण फ्रेंचमधले 'ओ' आणि 'ई' यांचे जोडाक्षर राहून गेले. ते १९९९ च्या सुधारित संकेतात आले. इतके होऊनही फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर शुद्ध फ्रेंच लिहिणे जवळजवळ अशक्य आहे, असे तिथल्या संस्कृती मंत्रालयाने २०१६ मध्ये सांगितले. त्यानंतर २०१९ साली कीबोर्डचे नवे राष्ट्रीय मानक जाहीर झाले.

दुसऱ्याच्या चिन्हाच्या बाबतीत मात्र फ्रेंच सरकारही कठोर झाले. ब्रिटनी प्रांतातल्या एका बाळाच्या ब्रेटन नावात 'न'वर तरंगरेषा होती. सरकारी यादीत ते चिन्ह नाही म्हणून नोंदीला हरकत घेतली गेली. प्रकरण कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये रेनच्या अपील न्यायालयाने ते नाव मान्य केले.

हे वाचताना मला घरची गोष्ट आठवली. आमच्या आडनावात 'ळ' आहे. इथे राज्याचा कारभार हिंदीत चालतो आणि हिंदीत 'ळ'चा रोजचा वापर नाही. वडिलांच्या सेवापुस्तिकेत एका ठिकाणी 'ळ', दुसऱ्या ठिकाणी 'ल'. ते गेल्यावर आईच्या कुटुंब पेन्शनचे कागद त्या एका अक्षरापायी पाच महिने अडकले. शेवटी दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र आईला द्यावे लागले. "चाळीस वर्षं ज्या नावानं संसार केला, ते माझंच आहे हे आता लिहून द्यायचं का?" असे ती म्हणाली. मला उत्तर देता आले नाही, कारण घाईत मीही कित्येक अर्जांवर 'ळ'चा 'ल' केलेला आहे.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर 'ल'च्याच बटणावर शिफ्ट दाबले की 'ळ' येतो. म्हणजे अक्षराला जागा आहे, ते बटण दाबायची आपल्याला सवय नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आपण इथली भाषा आपली केली, यात कमीपणा काहीच नाही. पण मुलांच्या जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या नोंदीवर सही करण्यापूर्वी नाव एकदा अक्षर न अक्षर वाचावे, चुकले असल्यास तिथेच दुरुस्त करून घ्यावे. मी माझ्या टेबलावरून सुरुवात केली आहे. अर्जदाराला आता विचारतो, "तुमच्या नावात ल की ळ?"

गणपती बाप्पा मोरया!