फिलोत्रानो, सकाळी ८.०५

२७ मे २०१६, दुपार. अजून अकरा महिने

मिकेले स्कार्पोनी हा सायकलपटू कसा होता ते सांगायला हा एक दिवस पुरेसा आहे. जिरो द'इतालिया ही इटलीची तीन आठवड्यांची शर्यत संपत आली होती. त्या दिवशीचा रस्ता आल्प्समधल्या कोले देल्ल'अन्येल्लो या २,७४४ मीटर उंचीच्या खिंडीतून फ्रान्समध्ये उतरणारा होता. रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती. खिंडीत सर्वांत आधी पोचला स्कार्पोनी. मागे त्याच उतारावर गुलाबी जर्सीतला, म्हणजे शर्यतीत आघाडीवर असलेला स्टीव्हन क्राउस्वाइक बर्फावर आदळून उलटा झाला. स्कार्पोनीचा कर्णधार विन्चेन्झो निबाली मागून येत होता.

टप्पा जिंकायची संधी समोर असताना हा गडी उतार संपल्यावर थांबला. निबाली आल्यावर त्याच्या पुढे होऊन वारा अंगावर घेत ओढत राहिला. निबालीने तो टप्पा जिंकला, दुसऱ्या दिवशी गुलाबी जर्सी मिळवली आणि शर्यतही खिशात घातली. स्कार्पोनीला मिळाले सर्वांचे आभार.

तो काही संत नव्हता. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात २००७ मध्ये त्याच्यावर बंदी आली होती. २०११ची जिरोही त्याच्या नावावर लागली ती पहिला आलेला कोंतादोर अपात्र ठरल्यावर, कागदोपत्री. पण ताफ्यात तो सगळ्यांना आवडायचा. सरावाला निघाला की गावातला फ्रँकी नावाचा मकाव पोपट उडत येऊन त्याच्या खांद्यावर बसायचा. त्याचे व्हिडिओ सायकलवेड्यांनी जगभर पाहिले आहेत.

एप्रिल २०१७ची सुरुवात. अजून दोनेक आठवडे

निबाली दुसऱ्या संघात गेला होता. स्कार्पोनीच्या अस्ताना संघाने शंभराव्या जिरोसाठी फाबिओ आरूला कर्णधार नेमलं होतं, कारण शर्यत सुरू होणार होती त्याच्याच सार्डिनिया बेटावरून. आरू सरावात पडला, गुडघा गेला आणि तो बाद झाला. एरवी दुसऱ्यांना ओढणारा स्कार्पोनी साडेसदतिसाव्या वर्षी कर्णधार झाला. जिरो ५ मेला सुरू होणार होती.

सोमवार, १७ एप्रिल. अजून पाच दिवस

टूर ऑफ द आल्प्सचा पहिला टप्पा ऑस्ट्रियात, इन्सब्रुकच्या वरच्या अंगाला हंगरबुर्गच्या चढावर संपला. गेरेंट थॉमस आणि तिबो पिनो यांच्यासारख्यांना मागे टाकून स्कार्पोनी पहिला आला. चार वर्षांनी मिळालेला विजय होता हा. पुढच्या दिवसांत आघाडीची जर्सी गेली, पण पाय चालतायत हे सर्वांना कळलं.

शुक्रवार, २१ एप्रिल, दुपार. अजून सतराअठरा तास

त्रेंतोमध्ये शर्यत संपली. थॉमस पहिला, स्कार्पोनी चौथा. इथून दोन वाटा होत्या: रात्र हॉटेलात काढायची, नाहीतर घरी जायचं. त्रेंतोहून फिलोत्रानो चारशे किलोमीटरहून जास्त लांब. आंकोनाजवळच्या टेकड्यांमधलं छोटंसं गाव. स्कार्पोनीला फिलोत्रानोचा गरुड म्हणत. दोन आठवड्यांनी जिरोसाठी पुन्हा महिनाभर घराबाहेर राहायचं होतं. तो घरी निघाला.

त्याच दिवशी, संध्याकाळ. अजून बारा तास

घरी पाच वर्षांचीही न झालेली जुळी मुलं होती. मुलांना पाठीवर घेतलेला फोटो त्याने सगळ्यांसाठी टाकला. तो त्याचा शेवटचा फोटो.

शर्यत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला का निघाला, असं आपल्याला वाटेल. ज्याला तीन आठवड्यांची शर्यत धावायची आहे तो पाच दिवसांच्या थकव्यानंतर एकदम थांबत नाही. पाय मोकळे ठेवायला हलकी सायकल चालवतो. सकाळी लवकर, गाड्या कमी असताना, ओळखीच्या रस्त्यावर. म्हणजे काळजी घेणारा माणूस जे करेल ते सगळं त्याने केलं.

शनिवार, २२ एप्रिल, सकाळी आठच्या आधी

सूर्य उगवून पावणेदोन तास झाले होते. लख्ख उजेड. स्कार्पोनी घरून एकटाच निघाला.

त्याच गावात ५७ वर्षांचा एक माणूस आपली इवेको डेली घेऊन निघाला. मालवाहू व्हॅन, आपल्याकडच्या टेम्पो ट्रॅव्हलरएवढी असते म्हणा. दोघे एकाच गावचे. चालकाचं नाव इथे देत नाही. नावाने काही कळत नाही.

८.०५ला काही सेकंद बाकी

व्हिया देल्लिंदुस्त्रिया, म्हणजे औद्योगिक वसाहतीचा रस्ता. तिथल्या चौकात व्हॅनने थांबून सायकलला आधी जाऊ द्यायला हवं होतं.

इथे जरा हिशेब मांडू. त्या सकाळी दोघांचे वेग नेमके किती होते ते बाजूला ठेवू. कुठल्याही चौकात लागू पडेल असं बोलू. सरावावर निघालेला व्यावसायिक सायकलपटू सपाटीवर ताशी ३५-४० किलोमीटरने सहज जातो, म्हणजे सेकंदाला दहाएक मीटर. चालकाने दोन सेकंद मान खाली घातली की मघाशी वीस मीटर लांब असलेली सायकल बंपरसमोर आलेली असते. गाडी फक्त ताशी २० किलोमीटरने वळत असली तरी त्या दोन सेकंदांत ती स्वतःही अकरा मीटर पुढे सरकते. बघून, ओळखून, ब्रेकवर पाय जाईपर्यंत आणखी सेकंद-दीड सेकंद. इतका वेळ चौकात कुणाकडेच नसतो.

सायकल समोरच्या काचेच्या कडेच्या खांबाआड लपते, हेही खरं. गाडी वळताना आणि सायकल पुढे येताना दोघांचा कोन जुळला, तर ती कितीतरी वेळ त्या खांबामागेच राहते. म्हणून चांगला चालक वळण्याआधी मान पुढे-मागे करून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघतो. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे शिकवायला हवं. किती ठिकाणी शिकवतात, देव जाणे.

सायकलवाल्याचीही एक सवय असते. चौक आला की दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर जातात आणि नजर समोरच्या गाडीच्या पुढच्या चाकावर. चालकाच्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. तो तुमच्या दिशेने बघत असतो आणि तरी तुम्ही त्याला दिसत नाही, असा अनुभव सगळ्यांचा आहे. चाक मात्र खोटं बोलत नाही. ते फिरू लागलं की गाडी निघाली. पण चाक फिरलेलं दिसल्यावर थांबायला जागा उरलेली असावी लागते.

८.०५

धडक. वैद्यकीय मदत आली, पण स्कार्पोनी जागीच गेला होता. जो माणूस बर्फाच्या भिंतींमधून आल्प्स उतरला, ज्याच्या धंद्यात ताशी ८० किलोमीटरने दरीच्या कडेने जाणं रोजचंच, तो घराजवळच्या चौकात गेला.

त्याच दिवशी, पुढचे तास

तो दिसलाच नाही, असं चालकाने सांगितलं. ऊन डोळ्यांवर आलं असावं, असंही तेव्हा बोललं गेलं. बातमी दुपारपर्यंत जगभर पोचली. पोपट चौकात येऊन बसतो अशा बातम्या पुढच्या दिवसांत झळकल्या. त्या वाचून लोक रडले. रडायला हरकत नाही. पण पोपटाची गोष्ट सांगायला सोपी असते, कारण तिच्यात कुणाला दोष द्यावा लागत नाही.

ऊन हे कारण ऐकलं की मला दुसरीकडचा एक रस्ता आठवतो. २८ फेब्रुवारी २०२४, पहाटे ५.५०च्या सुमारास, नवी मुंबईत नेरुळचा पाम बीच मार्ग. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या रचनेचं नेतृत्व केलेले, इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी, वय ६८, चेंबूरच्या साथीदारांबरोबर सायकलवर होते. मागून येणाऱ्या टॅक्सीने त्यांना उडवलं. चालकाने पळून जायचा प्रयत्न केला, तेव्हा सायकलची फ्रेम टॅक्सीच्या पुढच्या चाकाखाली अडकलेली होती. तिथे अंधार होता, फिलोत्रानोत लख्ख ऊन. उजेड असो वा नसो, सायकलवाला मरायचा तो मरतोच. तेव्हा दोष उजेडावर ढकलून चालत नाही. त्या वेळच्या भारतीय दंडविधानाच्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल जास्तीत जास्त शिक्षा होती दोन वर्षं.

रविवार, २३ एप्रिल

लिएज-बास्तोन-लिएज शर्यत ठरल्याप्रमाणे झाली. सुरुवातीला अस्तानाचे खेळाडू पुढच्या रांगेत उभे राहिले, सगळा ताफा एक मिनिट गप्प होता. शर्यत जिंकून आलेहान्द्रो वाल्व्हेर्देने बक्षिसाची रक्कम स्कार्पोनीच्या घरच्यांना दिली.

मंगळवार, २५ एप्रिल

गावच्या क्रीडांगणावर अंत्यविधी झाला. हजारो माणसं जमली.

५ मे ते २३ मे

जिरोत प्रत्येक संघात नऊ खेळाडू असताना अस्तानाचे आठच उतरले. स्कार्पोनीची जागा कुणाला दिली नाही. मोर्तिरोलोच्या घाटाला त्या वर्षी त्याचं नाव दिलं गेलं आणि त्या माथ्यावर पहिला पोचला त्याच्याच संघातला लुईस लेओन सांचेझ.

शर्यत चालू असतानाच, १७ मेला, आंकोनाच्याच एड्रियाटिक किनाऱ्याने वर मिसानोला २००६चा मोटोजीपी जगज्जेता निकी हेडन सायकल चालवताना मोटारीखाली आला. पाच दिवसांनी गेला. त्या खटल्यात चालक ५०ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ७०च्या वर होता, असं निघालं. हेडन थांबण्याच्या पाटीला थांबला नाही, म्हणून काही वाटा त्याच्याकडेही गेला. सायकलवाला चुकत नाही असं कुणी म्हणत नाही. फरक एवढाच, की सायकलवाल्याच्या चुकीने मोटारवाला मरत नाही.

२०१८

स्कार्पोनीच्या प्रकरणात मोबाइल तपासला गेला. धडकेच्या वेळी व्हॅनच्या चालकाच्या फोनवर व्हिडिओ चालू होता. तो काय बघत होता यात मला रस नाही. ऊन, खांब, कोन हा सगळा वरचा हिशेब मी प्रामाणिकपणे मांडला, आणि या एका गोष्टीने तो जवळजवळ निकामी होतो. खांबामागे लपलेलं माणूस निदान खांबामागे बघणाऱ्याला सापडतं.

इटलीत रस्त्यावरच्या मनुष्यवधासाठी २०१६ मध्येच वेगळा कायदा आला होता, दोन ते सात वर्षं शिक्षेचा. तो इथे लागू पडायचा, पण निकालाआधीच चालक आजाराने गेला. त्याच्यावरच्या आरोपाचा निकाल लागलाच नाही.

त्यानंतर

स्कार्पोनीच्या भावाने त्याच्या नावाने संस्था काढली. ती शाळांमधून रस्ता सुरक्षेचं काम करते. मे २०१८ मध्ये जिरो फिलोत्रानोतून गेली. ३० नोव्हेंबर २०२२ला, निवृत्तीला महिना-दीड महिना होतो न होतो तोच, सायकलपटू दाविदे रेबेलिन मोन्तेबेल्लो विचेन्तिनोला ट्रकखाली गेला. ट्रकचालक खाली उतरला, पडलेल्या माणसापाशी गेला, पुन्हा ट्रकमध्ये चढला आणि जर्मनीला निघून गेला. लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवले होते म्हणून तो सापडला.

२०२४च्या अखेरीस इटलीच्या वाहतूक कायद्यात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायची अट आली. रस्त्याची परिस्थिती परवानगी देत असेल तिथे, अशी सवलत जोडून.