बीएमआयचं मत्स्यकुळ

किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय निघतो, हे आता शाळेतल्या आरोग्य तपासणीपासून विम्याच्या अर्जापर्यंत सगळीकडे पाठ झालेलं आहे. हे नाव रूढ झालं १९७२ साली, ॲन्सेल कीज या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या लेखामुळे. याच कीजनं ४४ वर्षं आधी, १९२८ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात चार पानांचा एक लेख लिहिला होता. त्याचा विषय होता माशांची लांबी आणि वजन यांचं नातं. आज गोदावरीतला रोहू असो की भीमेतली वाम, मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी ज्या सूत्रात तिची मापं घालतो, त्या सूत्राच्या वंशावळीत हा लेख हमखास येतो. दोन्ही सूत्रं एकाच माणसाच्या हातून गेली, हा निव्वळ योगायोग आहे असं बहुतेकांचं मत. माझं मत वेगळं आहे. माणसाच्या बीएमआयला माशाचं रक्त आहे, आणि ते दाखवता येतं.

मुळापासून सुरुवात केली तर गॅलिलिओपाशी जावं लागतं. त्यानं १६३८ च्या ग्रंथात सांगितलं की आकार तोच ठेवून वस्तू दुप्पट लांब केली तर तिचा पृष्ठभाग चौपट आणि आकारमान आठपट होतं. एकोणिसाव्या शतकात हर्बर्ट स्पेन्सरनं हाच घननियम सजीवांच्या वाढीला लावला. मासा हा या नियमाचा आदर्श उमेदवार वाटतो. तो पाण्यात तरंगतो, त्यामुळे वजन पेलण्यासाठी त्याला हत्तीसारखे जाड पाय लागत नाहीत. आयुष्यभर तो थोडाफार वाढत राहतो, आणि वाढताना त्याची ठेवणही फारशी बदलत नाही. म्हणजे २० सेंटिमीटरचा मासा १०० ग्रॅम भरला तर त्याच जातीचा ४० सेंटिमीटरचा मासा ८०० ग्रॅम भरायला हवा. इथवरची हकीकत सगळ्यांना मान्य आहे. वाद सुरू होतो तो तराजू हातात घेतल्यावर.

तराजू हातात घेणारा पहिला मोठा माणूस म्हणजे स्कॉटलंडच्या मत्स्य मंडळाचा टॉमस वेमिस फुल्टन. १९०४ च्या अहवालात त्यानं उत्तर समुद्रातले हजारो मासे मोजून घननियम तपासला आणि नियम तंतोतंत बसत नाही असं स्वच्छ नोंदवलं. बहुतेक जातींत वजन घनापेक्षा थोडं जास्त वाढतं, जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे ते बदलतं, अंडी टाकून झाल्यावर घसरतं. (कीजचा जन्मही १९०४ चाच. हा मात्र खरोखरच योगायोग.) पुढे वजनाला लांबीच्या घनानं भागून शंभरानं गुणायचं आणि येणाऱ्या आकड्यावरून मासा किती भरलेला आहे ते ठरवायचं, अशी रीत पडली. त्या आकड्याला जगभर ‘फुल्टनचा गुणांक’ म्हणतात. पण या नावाला एक गमतीदार घोळ चिकटला आहे. कित्येक शोधनिबंध या गुणांकासाठी फुल्टनच्या १९११ सालच्या पुस्तकाचा हवाला देत आले. ते पुस्तक आहे समुद्रावरच्या सार्वभौमत्वाविषयी, इंग्लंडनं आजूबाजूच्या समुद्रांवर कसकसा हक्क सांगितला त्याच्या इतिहासाविषयी! न वाचता हवाला उचलायचा आणि पुढच्यानं तो तसाच पुढे ढकलायचा, ही परंपरा आपल्याकडेच आहे असं नाही. २००६ साली काही संशोधकांनी मूळ कागद उघडून पाहिले तेव्हा या गुणांकाचं श्रेय जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश हाइन्के याच्या १९०८ च्या कामाकडे जातं असं त्यांनी दाखवलं. मला या प्रकरणातली विसंगती जास्त महत्त्वाची वाटते. ज्या फुल्टननं घननियम पुरता बसत नाही असं सांगितलं, त्याच्याच नावानं घननियम गृहीत धरणारा आकडा शंभर वर्षं चालला.

कीजनं १९२८ मध्ये या गृहीतकालाच हात घातला. घात ३ आहे असं आधी मानायचं नाही. वजन म्हणजे ‘ए’ गुणिले लांबीचा ‘बी’ घात असं लिहायचं, आणि ए व बी या दोन्ही किमती माशांकडूनच काढायच्या. प्रत्यक्ष काम सोपं आहे. मासा ओल्या फडक्यानं टिपायचा, फळीवर आडवा ठेवून त्याचं मिटलेलं तोंड आडव्या पट्टीला टेकवायचं, शेपटीच्या दोन्ही पात्या चिमटीत जुळवून टोकापाशी आकडा वाचायचा, मग तराजू. असे शे-दोनशे मासे झाले की लांबी आणि वजन दोन्हींचे लॉगरिदम घेऊन आलेखावर ठिपके मांडायचे. वाकडी रेघ सरळ होते, तिचा चढ म्हणजे बी. बी ३.२ आला तर आपला ४० सेंटिमीटरचा मासा ८०० ऐवजी साधारण ९२० ग्रॅमचा निघतो, २.८ आला तर ७०० च्या आत. आता या मोठ्या, ९२० ग्रॅमच्या माशाला जुना गुणांक लावून पाहा. लहान माशाचा गुणांक १.२५ आणि मोठ्याचा १.४४ येतो. मोठा मासा जास्त पोसलेला आहे असा निष्कर्ष निघेल, आणि तो खोटा असेल. त्या जातीच्या चालीप्रमाणे दोघेही सारखेच खाऊनपिऊन सुखी आहेत. वजनावरून पोषण ठरवायचं तर जो आकडा वापरायचा तो लांबीबरोबर स्वतःच वाढता कामा नये, ही माझ्या युक्तिवादातली मुख्य कडी. ती पुढे माणसांत दिसेल.

घात मापांवरूनच काढायची युक्ती कीजची एकट्याची होती, असं म्हणणं धाडसाचं ठरेल. युजीन दुब्वानं १८९७ मध्ये मेंदू आणि शरीर यांच्या वजनांसाठी असलाच घातांकी नियम मांडला होता. जूलियन हक्सलीनं १९२४ मध्ये खेकड्याची एक नांगी बाकीच्या शरीरापेक्षा भराभर का वाढते हे अशाच सूत्रानं सांगितलं. १९२८ सालीच फ्रान्सिस क्लार्क यांचा कॅलिफोर्नियाच्या सार्डिनवरचा, म्हणजे आपल्या तारलीच्या भाऊबंदावरचा, लांबी-वजनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कल्पना हवेत होती. कीजचं वेगळेपण त्यानं पुढे जी वाट धरली त्यात आहे. स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतून डॉक्टरेट, मग कोपनहेगनला ऑगस्ट क्रोगकडे वाम माशांच्या कल्ल्यांतून क्षार बाहेर कसे पडतात यावर काम, अँडीज पर्वतावर विरळ हवेचे प्रयोग, दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी ‘के रेशन’ नावाची शिदोरी. त्यानंतर १९४४-४५ मध्ये मिनेसोटात त्यानं ३६ स्वयंसेवकांना मुद्दाम अर्धपोटी ठेवून उपासमारीचा सविस्तर अभ्यास केला. लांबीच्या मानानं वजन किती, आणि ते घटलं तर जीव कोणत्या अवस्थेत जातो, हा प्रश्न माशांपासून माणसांपर्यंत त्याच्याबरोबर आला.

१९७२ च्या लेखाची रचना बघितली की माझं म्हणणं पटावं. कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं घेतली आणि तीन प्रतिस्पर्धी एकमेकांसमोर उभे केले: वजन भागिले उंची, वजन भागिले उंचीचा वर्ग, आणि घननियमावर आधारलेला निर्देशांक. कसोट्या दोन. निर्देशांक उंचीबरोबर वाढू-घटू नये, आणि शरीरातल्या चरबीशी त्याचा मेळ बसावा. घन मागे पडला, वर्ग पुढे आला. घन गृहीत धरायचा नाही, घात मापांना विचारायचा, आणि लांबीपासून सुटलेला आकडाच पोषणाचा आकडा मानायचा. ही सगळी १९२८ ची शिस्त आहे. फक्त फळीवर मासा नाही, माणूस आहे.

यावरचा पहिला आक्षेप मोठा आहे. हे सगळं बेल्जियन गणिती आदोल्फ केटले यानं १८३०च्या दशकातच सांगितलं होतं, आणि बीएमआयला जुनं नाव केटलेचा निर्देशांक असंच होतं. आक्षेप खरा आहे, किंबहुना तो वरवर दिसतो त्यापेक्षाही बळकट आहे. माणूस सर्व बाजूंनी सारखा वाढला असता तर वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढलं असतं, पण तसं होत नाही, हे केटलेनं स्पष्ट लिहिलं होतं. वाढत्या वयात त्याला घात अडीचच्या आसपास दिसला आणि प्रौढांत दोन. म्हणजे घात मापांना विचारणारा तो कीजच्या आधीचा, फुल्टनच्याही आधीचा. पण केटले शोधत होता सरासरी माणूस. कोण जाड आणि कोण बारीक, हे ठरवण्यासाठी दोन-तीन निर्देशांकांची झुंज लावणं हा त्याचा उद्योग नव्हता. वर्ग केटलेचा, पण त्या वर्गाला परीक्षेला बसवण्याची रीत मत्स्यशास्त्राच्या घरातली. दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. १९६२ मध्ये बिलेविच आणि सहकाऱ्यांनी, आणि १९७१ मध्ये बेन यांनी ब्रिटनमध्ये असेच निर्देशांक तपासले होते. बेननं तर उंचीचा घात लोकसंख्येनुसार ठरवा असं सुचवलं, म्हणजे माशांचं सूत्रच नाव बदलून आणलं, आणि त्यासाठी त्याला एकही मासा मोजावा लागला नाही. इथे मला माझा दावा थोडा आखूड करावा लागतो. ही कसोटी माणसांच्या अभ्यासात केवळ माशांमधून आली असं नाही. पण ज्या माणसानं बीएमआय हे नाव जगाच्या तोंडी बसवलं तो मात्र ही कसोटी तरुणपणीच माशांवर शिकलेला होता. इतकं मत्स्यरक्त पुरे.

मग माशाला तीन आणि माणसाला दोन का? यात विरोध दिसतो तो वरवरचा. माशांत आपण पोरासोरांपासून थोराड माशांपर्यंत एकाच जातीची वाढ बघतो. माणसांत तुलना असते ती वाढ थांबलेल्या उंच आणि बुटक्या प्रौढांची, आणि उंच माणूस म्हणजे बुटक्याची मोठी केलेली प्रत नव्हे. नवजात बाळांसाठी आजही घनावर आधारलेला निर्देशांक वापरतात. माशांतही शरीराची ठेवण घातात नसते, ती ‘ए’मध्ये असते. ४० सेंटिमीटरची वाम आणि तेवढाच कटला यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक असतो, तरी दोघांचा बी तीनच्या आसपासच येऊ शकतो. रायनर फ्रोझे यांनी २००६ मध्ये १,७७३ जातींच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा बीची सरासरी ३.०३ निघाली. तीनपेक्षा किंचित जास्त, म्हणजे फुल्टननं म्हटलं होतं तसंच.

गोड्या पाण्यात या सूत्राला शहाणपण आलं ते १९५१ मध्ये. इंग्लंडच्या विंडरमियर सरोवरात युद्धकाळात पर्च मासे मोठ्या प्रमाणावर पकडून डबाबंद केले गेले होते. त्या सरोवरातल्या पर्चचा अभ्यास करताना ल क्रेन यानं गुणांकातला घनच काढून टाकला. त्या जातीच्या सूत्रानुसार जे वजन यायला हवं त्याच्याशी माशाच्या प्रत्यक्ष वजनाची तुलना करा, असं तो म्हणाला. अशा तुलनेत ऋतू स्वच्छ दिसतो. आपल्या नद्यांत हे आणखी ठळक व्हावं. आषाढाच्या तोंडाशी रोहू-कटल्याची मादी गाभोळीनं फुगलेली असते, पुराच्या पाण्यात अंडी टाकली की तीच मादी पोट खपाटीला गेलेली सापडते. लांबी तीच, महिनाभरात वजन वेगळं.

म्हणूनच आपल्याकडच्या नदीकाठच्या अभ्यासांत एक वाक्य वारंवार भेटतं त्याची मला धास्ती वाटते: बी तीनपेक्षा कमी, सबब नदीची तब्येत बिघडलेली. बी खाली येण्याची कारणं डझनभर असतात. लहान मासे नमुन्यात नसतील, मादी-नर एकत्र मोजले असतील, मासे फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मग तोलले असतील. मच्छीमाराचं उभं जाळं आपल्या आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या भोकांच्या, मापाचे मासे निवडतं. लहानांतले जाडे आणि मोठ्यांतले बारीक त्यात अडकतात, आणि चढ आपोआप मंदावतो. बीएमआयचंही हेच झालं. लोकसंख्येसाठी केलेला आकडा एकेका माणसावर निवाडा म्हणून लावला गेला. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि यडकिनची ९.१ टक्के. एक आकडा, दोन देह. नदीतल्या माशांवर काम करणाऱ्यांना म्हणून एवढीच विनंती की बीची किंमत एकटी छापू नका. तिच्या शेजारी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या माशाची लांबी, नर किती आणि माद्या किती, कोणते महिने आणि कोणत्या आसाचं जाळं, हेही लिहा.