लाइव्ह ट्रॅफिक म्हणजे काय? गाडीतल्या मॅपमुळे वेळ कसा वाचतो?

मारेगावहून नागपूरला जायचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक वणी-वरोरा मार्गे, दुसरा करंजी-हिंगणघाट मार्गे. दोन्ही पुढे जाम या गावाजवळ एकत्र येतात. वणीकडे कोळशाच्या ट्रकांची रांग लागली असेल, तर ते मारेगावातच कळायला हवं. वणी ओलांडल्यावर कळून काय उपयोग? लाइव्ह ट्रॅफिकचं काम नेमकं हेच आहे.

माहिती येते कुठून?
आपल्यासारख्यांच्याच फोनमधून. लोकेशन चालू असलेले फोन आपली जागा आणि वेग नाव न सांगता गूगल मॅप्सला कळवत राहतात. एखाद्या रस्त्यावर बरेच फोन हळू सरकत असतील, तर तिथली रेघ आधी नारंगी, मग लाल होते. 2020 मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने बर्लिनमध्ये 99 फोन हातगाडीत ठेवून फिरवले. रस्ता मोकळा असूनही मॅपने तो लाल दाखवला!

वेळ कसा वाचतो?
ॲप प्रत्येक रस्त्याच्या तुकड्या-तुकड्याला लागणारा वेळ मोजतं आणि बेरीज कमी येईल तो रस्ता सुचवतं. म्हणून कधीकधी लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो. पण पर्यायी रस्ता नसेल, तर मॅप फक्त उशीर किती होईल ते सांगू शकतो. आणि सगळेच एका गल्लीत वळले, तर तीही तुंबते.

कुठे फसू शकतो?
ज्या रस्त्यावर फोन कमी, तिथे ताजी माहितीही कमी. तिथे ॲप जुन्या नोंदींवरून अंदाज बांधतं. पावसाळ्यात वर्धा नदीला पूर आला, तर वणी-वरोरा रस्त्यावरच्या पाटाळा पुलावरून वाहतूक बंद होऊ शकते. मॅपवर ते लगेच दिसेलच असं नाही. पेशंटला घेऊन निघाला असाल, तर त्या बाजूच्या ओळखीच्या माणसाला आधी एक फोन कराच.

निघण्याआधी एवढं करा
• मॅपमध्ये ‘ट्रॅफिक’ लेयर चालू करा.
• दोन्ही रस्त्यांचा वेळ घरीच तपासा; फाट्यावर पोहोचण्याआधी थांबून पुन्हा बघा.
• ऑफलाइन मॅप डाउनलोड करून ठेवा. रेंज गेली तरी रस्ता दिसेल, लाइव्ह ट्रॅफिक मात्र दिसणार नाही.
• गाडी चालवताना फोन शेजारच्याकडे द्या किंवा होल्डरला लावून आवाज चालू ठेवा.