पुतळा कोणाचा? : शिल्पकार करमरकर यांच्या निमित्ताने

अकोले तालुक्यातील राजूरहून पुढे भंडारदऱ्यास गेले असता प्रवरेवर जे धरण लागते, त्यास मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव आहे. डिसेंबर १९२६ मध्ये त्यांच्याच हस्ते त्याचे उद्घाटन झाले. याच विल्सनसाहेबांनी १६ जून १९२८ रोजी पुण्यास शिवछत्रपतींच्या अश्वारूढ ब्राँझ पुतळ्याचे अनावरण केले. उद्घाटकाचे नाव अशा रीतीने आमच्या डोंगराळ मुलखातही राहिले. पुतळा घडविणाऱ्याचे नाव राजूरच्या बाजारात किती जणांस सांगता येईल, याची मात्र शंका आहे. पुण्यातही स्थिती फारशी निराळी नसावी.

ते शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर होत. त्यांचा जन्म १८९१ मध्ये अलिबागेजवळील सासवणे येथे झाला. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवरायांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनीच या मुलास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले. पुढे कलकत्ता आणि १९२० मध्ये लंडनची रॉयल अकॅडमी, असा त्यांचा प्रवास झाला.

पुण्याच्या पुतळ्याची कल्पना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. पायाभरणी १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली. पुढल्याच वर्षी महाराज निवर्तले. पुतळा सुमारे साडेतेरा फूट उंच आणि आठ टन वजनाचा. एवढे काम भाग पाडून ओतावे आणि मग सांधावे, ही नेहमीची रीत. करमरकरांनी ते एकसंध ओतण्याचे ठरविले व त्यासाठी जहाजे बांधणाऱ्या माझगाव गोदीचा आश्रय घेतला. १ जून रोजी रस ओतला गेला. साच्यात हवा अडली असती किंवा रस मध्येच थिजला असता, तर सारे श्रम वाया जाते. आणि अनावरणास उरले होते अवघे पंधरा दिवस.

येथे भाषेच्या अभ्यासकास एक गोष्ट खटकते. मूर्तीची आपण ‘प्रतिष्ठापना’ करतो, पुतळा ‘उभारतो’. ‘उभारणे’ या क्रियापदाचा कर्ता बहुधा संस्थानिक, नगरपालिका वा समिती असते. ‘घडविणे’ शिल्पकाराकडे येते, पण ते वाक्य क्वचितच उच्चारले जाते. ‘ओतणे’ तर कर्मणीतच राहते : पुतळा ओतला गेला. माझगावच्या भट्टीपाशी त्या दिवशी राबणारे कामगार आपल्या वाक्यरचनेतूनच गळाले आहेत. वरच्या परिच्छेदात आम्हीही तेच केले, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

करमरकरांना १९६२ मध्ये पद्मश्री मिळाली. १९६७ मध्ये ते वारले. सासवण्यातील त्यांच्या राहत्या घरी संग्रहालय आहे. सिमेंटसारख्या साध्या द्रव्यातही त्यांनी पुष्कळ काम केले. ‘शंखध्वनी’ किंवा कोळ्याची मुलगी यांसारख्या त्यांच्या शिल्पांपुढे उभे राहिले असता ती कोणी ‘उभारली’ असे विचारावेसे वाटत नाही. कोणी घडविली, हेच प्रथम मनात येते.