मुका माज

बपेरा हे माझं आजोळ. तुमसरहून सिहोरा मागे टाकून तसंच पुढे गेलं की महाराष्ट्राच्या अगदी टोकाला हे गाव लागतं. पलीकडे मध्य प्रदेश. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथे असायचो आणि दिवसातला निम्मा वेळ बोडीवर जायचा. बोडीत आम्ही आणि म्हशी, दोघंही एकत्रच!

1998 च्या सुट्टीत गेलो तर मामाच्या गोठ्यातली एक म्हैस दिसली नाही. विचारलं तर मामा म्हणाला, "विकली गा भाशा. लागतच नव्हती." दोन वर्षं भाकड होती. तीन वेळा इंजेक्शन दिलं (कृत्रिम रेतनाला गावात इंजेक्शनच म्हणतात), तिन्ही वेळा उलटली. शेवटी बाजार दाखवला. भाकड म्हैस बाजारातून कुठे जाते हे सांगायची गरज नाही. मामी चुलीपाशी बसून होती. ती एवढंच म्हणाली, "रात्री ओरडे थे. मी तं म्हणतच होती." तिच्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

ते वाक्य मला पुढे खूप वर्षांनी कळलं. त्याचीच ही गोष्ट.

आपल्याकडे कृत्रिम रेतनाची सुरुवात 1939 साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरी फार्मवर झाली. संपत कुमारन यांनी ती केली. 1942 मध्ये इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत काम सुरू झालं आणि बंगळूर, कलकत्ता, पाटणा आणि माँटगोमेरी (आजचं पाकिस्तानातलं साहिवाल) इथे केंद्रं निघाली. कृत्रिम रेतनातून जन्मलेलं देशातलं पहिलं रेडकू मात्र अलाहाबादचं, तिथल्या कृषी संस्थेतलं, 1943 सालचं. म्हणजे म्हैस या गोष्टीत पहिल्यापासून होती.

पण शास्त्र लिहिलं गेलं ते गाईला समोर ठेवून. "सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी" हा नियम आजही दवाखान्यात सांगतात. तो अमेरिकेतल्या नेब्रास्का इथे ट्रिम्बर्गर यांनी 1940 च्या दशकात गाईंवर केलेल्या निरीक्षणातून आला. नियम चांगलाच आहे. अडचण त्यातल्या "दिसला तर" या दोन शब्दांत आहे.

गाय माजावर आली की सगळ्या गल्लीला कळतं. हंबरते, दुसऱ्या गाईंवर उड्या मारते. म्हशीचं तसं नाही. म्हशी एकमेकींवर फारशा चढत नाहीत. सोट पडते, पण थोडी, आणि तीही बऱ्याचदा बसल्यावर. दूध जरा कमी होतं, चारा अर्धा राहतो, लघवी वारंवार होते, एखादी रेकते. आणि हे बहुतेक रात्री किंवा पहाटे. यालाच मुका माज म्हणतात. माज असतो, पण बोलत नाही. खरं तर बोलतो, ऐकणारं माणूस तेव्हा झोपलेलं असतं.

त्यात आणखी एक भर. म्हैस ही दिवस लहान होऊ लागले की माजावर येणारी. पावसाळा सरताना सुरू होऊन हिवाळाभर तिचा हंगाम. ती साधारण 310 दिवस गाभण राहते, म्हणून ऑक्टोबरात लागलेली म्हैस पुढच्या ऑगस्टात विते. उन्हाळ्यात काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी आणि आमच्याकडचं 45 अंशांचं ऊन! बोडी आटली की म्हशीचं अंडाशयही जवळजवळ थंड पडतं. अशा वेळी कांडी कितीही चांगल्या रेड्याची असो, काय उपयोग?

1967 साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला 'बाएफ' सुरू केली आणि महाराष्ट्रात गोठवलेल्या रेताच्या कांड्या, द्रव नत्राचे उणे 196 अंशांचे ते डबे, शेतकऱ्याच्या दारात येऊन रेतन करणारा माणूस, हे सगळं लोकांच्या ओळखीचं झालं. 1970 पासून दुधाचा महापूर आला. त्या सगळ्या काळात भर होता तो संकरित गाईवर. देशाच्या दुधात म्हशीचा वाटा निम्म्याच्या आसपास, पण प्रयोगाच्या टेबलावर तिचा नंबर नेहमी दुसरा.

आता संप्रेरकांकडे येऊ. ही कथा मला फार आवडते, कारण तिच्यात गावातला गोठा आणि नोबेल पारितोषिक एका दोरीला बांधलेले आहेत. मेंदूतून निघून माजाचं सगळं चक्र फिरवणारं जीएनआरएच हे संप्रेरक 1971 मध्ये उलगडलं. त्यासाठी शॅली यांच्या प्रयोगशाळेने कत्तलखान्यांतून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंचे ढीग उपसले, गिलमाँ यांनी मेंढ्यांचे. दोघे एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी, 1977 च्या नोबेलचा अर्धा वाटा मात्र दोघांत मिळून मिळाला. प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामाला 1982 चं नोबेल. आणि गाभण घोडीच्या रक्तातलं बीज वाढवणारं संप्रेरक तर 1930 पासूनच माहीत होतं.

1995 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पर्सली, मी आणि विल्टबँक यांनी हे धागे जोडले. पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि मग ठरलेल्या तासाला रेतन. माज दिसो वा न दिसो! याला 'ओव्हसिंक' म्हणतात. हे झालं दुभत्या गाईंसाठी. पण विचार करा, याची खरी गरज कुणाला होती? जिचा माज दिसतच नाही तिला. ब्राझीलमध्ये बारुसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते म्हशींवर करून पाहिलं. हंगामात, चक्र चालू असलेल्या म्हशींत ते बरं चाललं. हंगामाबाहेर, अंडाशय थंड असताना, फारसं नाही. तिथे प्रोजेस्टेरॉनचं साधन योनिमार्गात आठ-नऊ दिवस ठेवायचं, काढताना ते घोडीवालं इंजेक्शन द्यायचं, आणि मग रेतन करायचं. असं केलं तर बंद पडलेलं चक्र बऱ्याच म्हशींत पुन्हा सुरू होतं.

2021 च्या पावसाळ्यानंतर मामेभावाची म्हैस अशीच अडली. तिसऱ्या वेताची, वर्ष उलटून गेलं तरी माज नाही. मामा आता थकलाय, पण त्याचा जुना शब्द तयार होता: बाजार. योगायोगाने मी तिथे होतो. तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी मला 1998 ची ती रिकामी दावण दिसली. मी म्हटलं, एकदा तपासून तर घेऊ.

डॉक्टर आले. लांब मोजा चढवून आधी त्यांनी म्हैस गाभण नाही ना हे पाहिलं. मला वाटलं, हे कशाला? ते म्हणाले, "प्रोस्टाग्लँडिन गाभण म्हशीला दिलं तर ती गाभडते. न तपासता सुई टोचणारा माणूस गोठ्यात घेऊ नका." मग ते गव्हाणीकडे वळले. गव्हाणीत नुसती तणस. धानाच्या तणशीत प्रथिनं आणि फॉस्फरस कमी, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमही अडवून धरतं. त्यांनी इंजेक्शन दिलंच नाही! जंताचं औषध, खनिज मिश्रण, ढेप, थोडा हिरवा चारा, आणि "महिन्याने बोलवा". मामेभाऊ खट्टू झाला. त्याला सुई हवी होती.

(सुई म्हटलं की आपल्याकडे पान्हा सोडवायचं ऑक्सिटोसिन आठवतं. ते वेगळं, हे वेगळं. पण संप्रेरक म्हटलं की लोकांच्या मनात संशय येतो तो त्या सुईच्या गैरवापरामुळे, आणि तो संशय अगदीच खोटा नाही.)

महिन्याने ते साधन बसवलं, काढलं, रेतन झालं. म्हैस उलटली! सगळ्यांची तोंडं उतरली. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की शंभरातल्या पस्तीस-चाळीस लागल्या तरी आम्ही खूश असतो, आणि उलटली याचा अर्थ चक्र सुरू झालं. आता एकविसाव्या दिवसाकडे लक्ष ठेवा. रात्री.

रात्री कोण उठणार? मामी. सत्तरी ओलांडलेली बाई, हातात बॅटरी. पहाटे चारला तिने मुलाला हलवलं, "रेकून राहिली, ऊठ." त्या वेळचं रेतन लागलं. 2022 च्या हिवाळ्यात म्हैस व्यायली.

झाला रेडा. पूर्वी धानाच्या चिखलणीला हल्या लागायचा, त्याला मोल होतं. आता ट्रॅक्टर आहे. मामा म्हणाला, "एवढं करून रेडाच!" मामी काही बोलली नाही. तिने त्या रेडकाला चीक पाजला, आणि म्हशीने पातेलंभर दूध दिलं.

या सगळ्यात जिंकलं कोण, असं मला कुणी विचारतं. संप्रेरकाने बंद चक्र फिरवलं हे खरंच. पण त्याच्या आधी गव्हाण पाहणारा डॉक्टर होता आणि नंतर रात्री जागणारी मामी. यातलं एक जरी नसतं तर ती म्हैसही बाजारातच गेली असती. ओव्हसिंकची सगळी करामत "माज पाहायला माणूस नाही" या अडचणीवर आहे. आमच्याकडे माणूस होतं. 1998 मध्येही होतं.

त्या पहिल्या म्हशीला तीन वेळा रेतन झालं ते दुपारी, दवाखाना उघडा असताना. ती खरंच वांझ होती का? आता कळायला मार्ग नाही. मामीला एकदा विचारलं, तर तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "वांझ नव्हती बाबू."

असो.