अळूचे फदफदे

अळूची पाने व देठ शिजवून केलेली आंबटगोड पातळ भाजी. महाराष्ट्रात ती घरोघरी होते आणि लग्नामुंजीच्या पंगतीतही वाढली जाते. तिच्यासाठी भाजीचे अळू निराळे घेतात. वडीचे पान त्याहून जाड व काळसर देठाचे असते.

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घशाला सुटणारी खाज त्यांचीच. म्हणून हाताला तेल लावून देठ सोलतात, पाने चिरतात आणि भाजीत चिंच किंवा आंबट चुका घालतात. हा आंबटपणा केवळ चवीपुरता नाही. तो वगळल्यास उत्तम भाजीही खाववत नाही.

भिजवलेली हरभराडाळ व शेंगदाणे पानांबरोबर मऊ शिजवतात. मग बेसन लावून भाजी घोटतात. सारी कसोटी या घोटण्यातच आहे. ते कमी पडले तर पाणी वेगळे राहते. नंतर चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, गोडा मसाला व खोबऱ्याचे काप घालून उकळी आणतात. काही घरांत मुळ्याच्या चकत्याही घालतात. वरून मोहरी, मेथी, हिंग, हळद व सुक्या मिरच्यांची फोडणी देतात.