ज्यांना कबर मिळाली नाही

नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला आपण दफनभूमीत जातो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. पण ज्यांना कबरच मिळाली नाही त्यांचे काय? दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेले गोव्याचे तारवटी त्यांपैकीच.

गोवा आणि महायुद्ध म्हटले की आपल्याला मुरगाव बंदरातल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजाची गोष्ट सांगतात. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या इंग्रजांनी त्यावर छापा घातला. १९८० साली त्यावर इंग्रजी सिनेमाही निघाला. गोष्ट थरारक खरी, पण ती आपल्या माणसांची नव्हे. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. घरचा माणूस मात्र ब्रिटिश जहाजावर स्टुअर्ड नाहीतर आचारी, आणि टॉर्पेडो कोणाचा पासपोर्ट बघत नाही.

हे तारवटी कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव अशा गाडीने मुंबईला जात आणि धोबी तलाव, माझगावच्या कुडीत उतरत. कूड गावाच्या नावाची. भिंतीकडेने ओळीत पेट्या, मधोमध वेदी, तीवर गावच्या संताची मूर्ती, संध्याकाळी सर्वांनी मिळून रोजरी. बोट मिळाली की माणूस जाई, पेटी मागे राही.

२३ नोव्हेंबर १९४२ च्या पहाटे ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज मुंबईहून मोंबासाकडे जाताना जपानी पाणबुडीने बुडवले. पूर्व आफ्रिकेत नोकरीला जाणाऱ्या गोवेकरांची ही नेहमीची वाट, आणि ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर सलूनचे काम बहुधा गोवेकरांकडे. पहिल्या टॉर्पेडोनंतर जहाज तरंगत राहिले, म्हणून काही होड्या पुन्हा त्याच्याजवळ आल्या. मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० जण गेले. वाचलेले २७ नोव्हेंबरला मुंबईत परतले.

मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये या युद्धात गेलेल्या भारतीय व्यापारी जहाजांवरील सुमारे ६,००० खलाशांचे स्मारक आहे. कोकणचे मुसलमान खलाशी, बंगालचे, गोव्याचे, सगळे एकत्र. चर्चच्या मृत्युनोंदीत मात्र दफन झालेल्यांचीच नावे येतात.

म्हणून या महिन्याच्या मिस्सासाठी नावे देताना घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा. आजोबांचा एखादा भाऊ बोटीवरून आला नसेल, तर त्याचे नाव, कूड आणि जमल्यास जहाजाचे नाव आमच्या वहीत लिहून द्या.